'वोक' म्हणजे नक्की काय, आणि तो शिवी कधी झाला?

शब्दखोर

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांत जिलबी पाडली नव्हती, ही घ्या.

'वोक' हा शब्द हल्ली मराठीत उठताबसता ऐकू येतो. सोसायटीच्या बैठकीत मी म्हणालो की विसर्जनाला डीजे नको, ढोलताशा पुरे. शेजारचे काका म्हणाले, "तुम्हीपण वोक झालात का?" ऑफिसच्या कँटीनमध्ये रव्याऐवजी भगरीचा उपमा आला, तर रांगेतला एकजण म्हणाला, "हे वोक लोकांचं जेवण." आणि आईने यंदा हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा काकूंना मुद्दाम बोलावून ओटी भरली, तर भाची कौतुकाने म्हणाली, "आजी किती वोक आहे!"

आता डीजे, भगर आणि हळदीकुंकू एकाच शब्दात कसे मावतात? हा शब्द मुळात कुठला? आणि एकाच घरात तो शिवी आणि शाबासकी दोन्ही कसा होतो? जाणकारांनी उजेड पाडावा.

तिरपागडा

वेक, वोक, वोकन. सातवीत उभं राहून पाठ म्हटलंय. धागा बंद करा. (हलकेच घ्या)

ओकांचा_नातू

आमच्या आडनावावरून शाळेत उलट्या काढून झाल्या. आता हे अमेरिकेतून आलं. आधार कार्डावर बदल करायला किती लागतात?

चाफेकळी

मला खरंच इतके दिवस वाटायचं की चायनीजच्या गाडीवरच्या कढईशी काहीतरी संबंध आहे.

तिरपागडा

ती वॉक.

चाफेकळी

मग सकाळी पर्वतीवर जाऊन करतात तो?

तिरपागडा

तोपण वॉकच. देवनागरीची कृपा.

घाटावरची

तिरपागडा ह्यांनी गंमत केली, पण गाडी तिथूनच सुटते. शाळेतल्या इंग्रजीत 'जागा आहे' ह्याला 'अवेक' म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत त्याच अर्थाने सरळ 'वोक' म्हणतात. 'आय वॉज वोक', म्हणजे मी जागाच होतो. ह्याला चुकीचं इंग्रजी म्हणायचं कारण नाही. आमच्या कोल्हापूरकडची बाई 'मी येतो, मी जातो' म्हणते तेव्हा ती व्याकरण चुकत नसते, तिचं व्याकरण तेच असतं.

आता 'जागा' ह्या साध्या अर्थाला 'सावध' असा अर्थ कुठे चिकटला? त्याचं ऐकण्यासारखं उदाहरण १९३८ सालच्या एका ध्वनिमुद्रणात आहे. गायक लेड बेली. खरं नाव हडी लेडबेटर, लुईझियानाचा, बारा तारांची गिटार वाजवायचा. गाणं स्कॉट्सबरो खटल्यावरचं आहे.

तो खटला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय शब्दाला वजन येत नाही. मार्च १९३१. मंदीचे दिवस. कामाच्या शोधात पोरं मालगाड्यांवर चढून फुकट हिंडायची. अलाबामातून जाणाऱ्या अशाच एका मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. गोऱ्या पोरांना गाडीतून उतरावं लागलं, त्यांनी जाऊन वर्दी दिली. पुढे पेंट रॉक नावाच्या ठिकाणी हत्यारबंद जमावाने गाडी अडवली आणि नऊ काळ्या मुलांना धरलं. वयं १३ ते १९. त्याच गाडीत दोन गोऱ्या तरुणी सापडल्या. त्या म्हणाल्या, ह्यांनी आमच्यावर बलात्कार केला. दोन-अडीच आठवड्यांत खटले उभे राहून निकालही लागले, आणि नवापैकी आठांना मृत्युदंड. त्या दोघींपैकी एकीने पुढे साक्ष फिरवली, असं काही घडलंच नाही म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाने दोनदा शिक्षा फिरवल्या. १९३२ मध्ये, मुलांना धड वकील मिळाला नाही म्हणून. १९३५ मध्ये, ज्युरीत काळ्या माणसांना घेतच नव्हते म्हणून. फाशी कोणाला झाली नाही, पण उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. नवातल्या शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली. तेव्हा ते हयात नव्हते.

तर गाणं संपल्यावर लेड बेली बोलतो. त्याचा मथितार्थ असा, की त्या बाजूने जाताना जरा जपून जा, 'वोक' राहा, डोळे उघडे ठेवा. बस. एवढंच. त्यात ना विचारसरणी, ना उपदेश. जीव वाचवायचा सल्ला आहे.

सदू_सांगोलेकर

जबराट प्रतिसाद. दंडवत घ्या ताई.

मुळाक्षर

घाटावरची ह्यांच्या प्रतिसादाला पुरवणी.

'जागे व्हा' ही हाक त्याच्याही आधीची. मार्कस गार्वी हा जमैकाचा पुढारी १९२० च्या दशकात 'इथिओपिया, जागी हो! आफ्रिका, जागी हो!' म्हणत होता. १९४० च्या सुमारास खाणकामगारांच्या संघटनेतल्या एका काळ्या पदाधिकाऱ्याचं बोलणं नोंदवलेलं आहे. झोपी जाण्यापेक्षा जागं होणं फार अवघड, पण आम्ही जास्त वेळ जागे राहू, अशा अर्थाचं. तिथे 'स्टे वोक अप' असाच प्रयोग आहे.

पण कोशकारांचा लाडका पुरावा १९६२ चा. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिक पुरवणीत मे महिन्यात विल्यम मेल्विन केली ह्या तरुण काळ्या लेखकाचा लेख आला, शीर्षकातच 'वोक'. म्हणजे साधारण 'जागा असशील तर कळेल'. लेखाचा विषय गमतीदार आहे. हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीच्या, गल्लीत काळी माणसं एक शब्द घडवतात, मग गोरे बीटनिक, म्हणजे त्या काळातली बंडखोर, कलंदर पोरं, तो उचलतात, मग जाहिरातवाले उचलतात, तोवर हार्लेमने तो टाकून नवा घडवलेला असतो. आणि काही वेळा जुन्या शब्दाचा अर्थ मुद्दाम उलटा केलेला असतो, बाहेरच्याला पत्ता लागू नये म्हणून. लेखासोबत छोटी शब्दसूची होती, तिच्यात 'वोक'चा अर्थ 'जाणता, ताज्या घडामोडींची खबर असलेला'. ऑक्सफर्डच्या कोशात हा अर्थ २०१७ मध्ये दाखल झाला, तेव्हा साक्षीला हाच लेख होता.

शब्द कसे पळवले जातात ह्यावरच्या लेखात हा शब्द सापडावा आणि पुढे तोच असा पळवला जावा!

बारा_गावचं_पाणी

'हिप' पण असाच ना? मी वाचलंय की तो पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतून आला, 'डोळे उघडणे' असा अर्थ आहे. म्हणजे हिप आणि वोक सख्खे भाऊ.

मुळाक्षर

ही गोष्ट फार फिरते आणि गोडही आहे, पण बहुतेक कोशकार ती मानत नाहीत. दुवा जोडणारा पुरावा नाही, नुसता आवाज जुळतो. आवाजावर जायचं तर आपल्याकडे लोक ऑस्ट्रेलिया म्हणजे 'अस्त्रालय' करतातच.

बारा_गावचं_पाणी

अस्त्रालयाला हात लावू नका, काही आयडी इथे दुखावतील.

रानमेवा

मधली कडी राहिली. हा शब्द आजच्या पिढीला मिळाला तो २००८ साली, एरिका बडू ह्या अमेरिकी गायिकेच्या 'मास्टर टीचर' ह्या गाण्यातून. धृपदात 'आय स्टे वोक' पुन्हापुन्हा येतं. मी ते गाणं तेव्हा खूप ऐकायचो आणि मला ते चक्क निद्रानाशाचं गाणं वाटायचं. २०१२ मध्ये रशियात पुसी रायट ह्या गायिकांच्या गटावर खटला चालला, तेव्हा बडूने त्यांना पाठिंबा देणाऱ्या ट्वीटमध्ये तेच शब्द वापरले.

आणि मग ऑगस्ट २०१४. मिझुरी राज्यातलं फर्ग्युसन. मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला, शहर रस्त्यावर उतरलं. 'स्टे वोक' तिथून घरोघरी गेला. पुन्हा तोच अर्थ बघा, पोलिसांपासून सावध राहा, रात्री एकटे जाऊ नका, फोनचा कॅमेरा चालू ठेवा. १९३८ ते २०१४ शब्द जागचा हलला नव्हता.

कट्टेकरी

एवढं सगळं मान्य. पण तुम्ही सगळे २०१४ ला गाडी थांबवताय. पुढचं कोण सांगणार?

शब्द उगाच बदनाम झालेला नाही. जीव वाचवायचा सल्ला होता तो टी-शर्टवर आला. २०१७ मध्ये पेप्सीने जाहिरात केली. मोर्चा चाललाय, एक मॉडेल पुढे होऊन पोलिसाला पेप्सीचा डबा देते आणि सगळे खूश. एवढी शोभा झाली की दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावी लागली. मग कोणाचं दहा वर्षांपूर्वीचं ट्वीट उकरा, त्याची नोकरी घालवा, हा उद्योग सुरू झाला. खुद्द ओबामा २०१९ मध्ये शिकागोला तरुणांना म्हणाले की आपण नेहमी शुद्ध, कधी तडजोड नाही, कायम 'वोक', हे लवकर सोडून द्या, जग गुंतागुंतीचं आहे. दुसऱ्यावर दगड भिरकावणं म्हणजे चळवळ नव्हे, ह्या अर्थाचंही ते बोलले. ओबामा काय उजवे आहेत?

माझ्या आधीच्या कंपनीत दर तिमाहीला ऑनलाइन ट्रेनिंग असायचं. पडद्यावर कार्टून बाई विचारते, 'सहकाऱ्याच्या आडनावावरून तुम्ही काही गृहीत धरलंत का?' खाली चार पर्याय. सगळ्यांना उत्तर क माहीत असतं. क वर टिचकी मारायची, प्रमाणपत्र मिळवायचं, आणि चहाला उभं राहिलं की मॅनेजर पहिला प्रश्न विचारणार, 'मूळ गाव कुठलं तुमचं?' त्या ट्रेनिंगला वोक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सदू_सांगोलेकर

'मूळ गाव कुठलं' ला +१००. आणि 'कुलदैवत कोणतं' राहिलं.

चाफेकळी

उत्तर क च असतं! अगदी अगदी. आमच्याकडेपण क!!

अटलांटाकर

इकडची बाजू सांगतो. कट्टेकरींशी अर्धा सहमत.

इथे तो शब्द आता राजकारण्यांच्या तोंडीच जास्त. फ्लोरिडात २०२२ मध्ये कायदा आला, नाव 'स्टॉप वोक'. त्यात वोक हे लघुरूप म्हणून बसवलं होतं, 'राँग्ज टू अवर किड्स अँड एम्प्लॉयीज'. आधी शब्द ठरवायचा, मग अक्षरांना अर्थ डकवायचे, आपल्या सरकारी योजनांसारखं. गव्हर्नर डिसँटिस म्हणायचे की फ्लोरिडात वोक मरायला येतो. कंपन्यांच्या ट्रेनिंगवर बंधनं घालणारा भाग पुढे केंद्रीय न्यायालयांनी अडवला, कारण तो भाषणस्वातंत्र्याच्या आड येत होता.

पण खरी मजा त्याच वर्षाच्या शेवटी झाली. डिसँटिसनी एका निवडून आलेल्या सरकारी वकिलाला निलंबित केलं होतं, ते प्रकरण टॅलाहासीच्या, म्हणजे फ्लोरिडाच्या राजधानीतल्या, कोर्टात गेलं. तिथे गव्हर्नरच्या स्वतःच्या कायदेशीर सल्लागाराला विचारलं, वोक म्हणजे काय? शपथेवर सांगावं लागलं. तो म्हणाला, अमेरिकी समाजात व्यवस्थेत मुरलेले अन्याय आहेत आणि ते दूर करायला हवेत असं मानणं.

आता ही व्याख्या कोणाही वोक माणसाने आनंदाने छातीवर लावावी अशी आहे. सभेत शिवी म्हणून चालतो, कोर्टात अर्थ सांगायची वेळ आली की असा होतो.

माझ्या आधीच्या टीममधल्या एक काळ्या बाई आता निवृत्त झाल्यात, इथेच जॉर्जियात वाढलेल्या. अधूनमधून फोन होतो. त्यांना विचारून सांगतो.

भोकरवाडी_बुद्रुक

काहून भांडता भाऊ. अमेरिकेत पाऊस, छत्री तुमी भोकरवाडीत उघडता.

तिरपागडा

मला एक सुचलंय. आपल्याकडे वोकपणाचा अधिकृत सण आहे. कोजागिरी! लक्ष्मी रात्री हिंडते आणि विचारते, 'को जागर्ति?' कोण वोक आहे? आणि जो वोक असेल त्याला धन देते. हीच ती वोक भांडवलशाही.

ओकांचा_नातू

खिक्. दंडवत.

चाफेकळी

पण मग आपण जागायचं म्हणून दुधात जायफळ का घालतो? जायफळाने तर झोप येते.

बारा_गावचं_पाणी

जायफळ नाहीच घालायचं. केशर, वेलदोडा, चारोळी. जायफळ श्रीखंडाला आणि पुरणाला.

सदू_सांगोलेकर

आमच्याकडे घालतात. आणि दूध पिऊन बाराच्या आत सगळे गच्चीवर आडवे. लक्ष्मी येऊन बघून जात असणार. घरची परिस्थिती बघता पटतं.

मुळाक्षर

अवांतर वाढतंय, पाककृती विभागात जा.

उंबरठा

भोकरवाडी ह्यांच्या छत्रीबद्दल. अमेरिकेतल्या ह्या पावसाशी आपला संबंध नाही असं कोण म्हणतो? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसून, यादवी युद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे हार्लेमला लागून. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्या काळ्या अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहिलं की काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं ऐकतो, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठीही तसं करायचा विचार आहे. डु बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, नाव घेतलं ब्लॅक पँथर ह्या काळ्या अमेरिकनांच्या लढाऊ संघटनेवरून.

म्हणजे शंभर वर्षं तिकडच्या चळवळीतून इकडे येजा होती. अर्पणपत्रिका गेली, पत्रं गेली-आली, संघटनेचं नाव आलं. पण 'वोक' हा शब्द त्या वाटेने आला नाही. तो २०२० नंतर यूट्यूबवरच्या वादावादीतून आला, आणि येतानाच शिवी होऊन आला. आपल्याकडे कोणी 'वोक राहा रे बाबा' असं प्रेमाने सांगितलेलं ऐकलंय का? स्कॉट्सबरोचं नाव न ऐकलेला माणूस तो फेकून मारतो. शब्दखोर, तुमच्या शेजाऱ्यांनी तो शब्द ज्याच्याकडून घेतला त्यानेही तो तसाच, निम्मा घेतलेला होता.

रानमेवा

अगदी. फ्रान्समध्येही हेच झालं. तिथे 'वोकिझम' हा शब्द त्याच्या विरोधकांनीच लोकप्रिय केला. २०२१ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी त्याविरुद्ध विचारमंच काढला होता. स्वतःला वोक म्हणवणारे फ्रेंच शोधायला मात्र दिवा घेऊन फिरावं लागेल.

कट्टेकरी

उंबरठा, माहिती उत्तम, पण निष्कर्ष ओढून आणलेला. शब्द कोणत्या दाराने आला ह्यावरून तो वापरायचा हक्क ठरत नाही. 'बिनधास्त' वापरताना कोण त्याची जन्मपत्रिका बघतो?

उंबरठा

हक्काचं मी बोललोच नाही. वापरा. पण वापरणाऱ्याला विचारलं की 'म्हणजे काय हो?' तर उत्तर यावं. टॅलाहासीला आलं, निदान.

घाटावरची

मराठीत ह्याच्या जवळचा प्रवास कोणाचा? सगळे 'फुरोगामी' म्हणतील, पण ते जुळत नाही. पुरोगामी हा लोकांनी स्वतःला लावलेला शब्द, आणि त्याची 'फुरोगामी' ही नक्कल विरोधकांनी वेगळी पाडली. मूळ शब्द अजून जिवंत आहे. 'वोक'ला वेगळी नक्कल पाडावी लागली नाही. आहे तोच शब्द तोंड वाकडं करून उच्चारला की झालं.

उलट्या बाजूचं उदाहरण जास्त रंजक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात 'सुधारक' म्हटलं की नाकं मुरडली जायची. चहाबिस्किटं खाणारा, बायकोला शिकवणारा, धर्म बुडवणारा. नाटकांतून टिंगल व्हायची. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. आणि आगरकरांनी १८८८ साली वर्तमानपत्र काढलं तर त्याचं नाव ठेवलं 'सुधारक'. शिवीच पाटीवर रंगवली. पुढे शाळेच्या पुस्तकात 'थोर समाजसुधारक' हा धडाच आला.

'वोक'चं असं काही होईल असं मला वाटत नाही. ज्यांचा शब्द होता त्यांनीच तो खाली ठेवलाय.

शेंगदाणा_लाडू

मी इथली सगळ्यात लहान आयडी बहुतेक. कॉलेजमध्ये कोणी सिरियसली वोक म्हणत नाही. कोणी कँटीनमध्ये पेपर स्ट्रॉ मागितला तर 'ओहो वोक' म्हणून चिडवतो, तेवढंच. जे लोक टीव्हीवर त्याच्यावर ओरडतात ते सगळे आमच्या बाबांच्या वयाचे असतात. शब्दखोर काकांची भाची कौतुकाने म्हणाली ह्याचंच मला आश्चर्य वाटलं. किती वर्षांची आहे?

शब्दखोर

तीस. आणि 'काका' नको. 🙂

सगळ्यांचे आभार, धाग्याने अपेक्षेबाहेर दिलं. एक कळलं की माझ्या तीन प्रसंगांत वोक तीन वेगळ्या गोष्टी होत्या. भाचीचा वोक २०१४ च्या आसपासचा. आजीला काकूंवरचा अन्याय दिसला, तिने त्यावर काही केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हापासून आईच्या मनात होतं ते. कँटीनवाल्याचा वोक म्हणजे नुसतं 'मला भगर आवडत नाही'. शेजाऱ्यांचं अजून कळत नाही. डीजेविरुद्ध तर न्यायालयं आणि पोलीसच बोलतात, त्यात अमेरिकन काय आहे?

कट्टेकरी

तुमच्या शेजाऱ्याचं मी सांगतो, कारण तसं मीही बोललो असतो. त्याचा अर्थ 'आमच्या सणातच तुम्हाला दोष दिसतात.' त्याला डीजे आवडतो असंही नाही. सांगणाऱ्याचा सूर आवडत नाही. वोक हा शब्द आता मुद्द्याला लावतच नाहीत, सुराला लावतात.

मुळाक्षर

आख्ख्या धाग्यातली ही सर्वात नेमकी व्याख्या, आणि ती कट्टेकरींकडून यावी! सहमत. अमेरिकेतही आता तेच. मुद्दा कोणताही असो, आवाजातला शहाजोगपणा ऐकू आला की वोक. वाईट एवढंच की शहाजोगपणा नसलेल्यालाही तोच शिक्का मारून गप्प बसवता येतं. काकूंची ओटी भरणाऱ्या आजींनी कोणाला काय उपदेश केला होता?

भोकरवाडी_बुद्रुक

आजीले कोनी शिवी नाई देल्ली भाऊ, धागा वाच नीट. आजीले शाबासकीच भेटली.

मुळाक्षर

आज भेटली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून बघा.

सदू_सांगोलेकर

फोटो टाकाच. आम्ही पॉपकॉर्न आणतो. जायफळ घालून.

अटलांटाकर

विचारलं बाईंना. रविवारी फोन झाला, आधी अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोललो.

त्या म्हणाल्या, हा शब्द त्यांच्या घरी होता, वडिलांच्या तोंडी. उन्हाळ्यात गाडीने नातेवाइकांकडे जायचे तेव्हा वडील पहाटे अंधारात निघायचे. कोणत्या गावात पेट्रोलला थांबायचं आणि कोणत्यात काच खाली करायची नाही हे ठरलेलं असे. शिदोरी घरून, कारण वाटेत खायला मिळेल ह्याची खात्री नाही. मागच्या सीटवर मुलं पेंगायची, पण पुढे बसलेल्या मोठ्या भावाला वडील सांगायचे, तू वोक राहा, मला पाट्या वाचून दाखव. त्यात झोपायचं नाही हाही अर्थ होता आणि दुसराही होता, आणि भावाला दोन्ही कळायचे.

मी विचारलं, आता वापरता का? म्हणाल्या, नाही. टीव्हीवर तो ज्या चेहऱ्यांनी उच्चारतात ते बघून सोडला. त्याऐवजी काय म्हणता, असं विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, तुला कशाला सांगू?

मुळाक्षर

'तुला कशाला सांगू' हे केलीच्या लेखाचं एका ओळीतलं सार आहे.

कट्टेकरी

बाईंचं सगळं पटलं, आणि सांगितल्याबद्दल अटलांटाकरांचे आभार. पण ते तिमाही ट्रेनिंग काही ह्या बाईंनी बनवलेलं नाही. ते ज्यांनी बनवलं त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्द नाही. मी वोकच म्हणणार.

घाटावरची

म्हणा की. मीपण तीन वर्षं क वर टिचकी मारलीये. फक्त त्यांना 'दिखाऊ' म्हटलं तर मराठीतही चालेल, आणि मॅनेजरलाही कळेल.

कट्टेकरी

मॅनेजरला कळू नये म्हणूनच तर वोक म्हणतो.